तुरीचे दोन तास

शेपटीच्या कंगव्याचं टोक
कपाळाच्या मधोमध टेकवते
आणि न थांबता मागे नेते, मानेच्या खळीपर्यंत.
मग कानापासून कानापर्यंत आडवा भांग.
चार वाफे.
तीन चिमट्यांच्या तोंडात, चौथा माझ्या हातात.

अमरावतीला तीन महिन्यांच्या कोर्समध्ये
रबरी मुंडक्यावर शिकवलं होतं मॅडमनी :
पदर इतका पातळ घ्या
की खालचा कंगवा दिसला पाहिजे.
त्या मुंडक्याची मान अवघडत नव्हती.
त्याच्या केसांत खारपाणपट्ट्याचं पाणी मुरलेलं नव्हतं.

बेबीनंदा काळमेघ, आमच्या टपाल कचेरीच्या.
सव्वीस वर्षं गावोगाव, आधी सायकल, आता स्कुटी.
कोणाच्या लग्नाला? मी विचारलं.
'कोनाच्याच नाई. असंच.
वरचे काळेच राहू दे वं, खालून कर.
पदर घेतला का दिसू नये,
वारा आला का दिसावं.'

तर खालून.
टोक वर, टोक खाली,
एवढे उचल, तेवढे सोड.
हे मला मॅडमच्या आधीपासून येत होतं.
तिफणीमागे सरतं धरून माय चालायची,
आठ तास कपाशी, मग दोन तास तुरीचे,
आणि धुऱ्यावर बसून मी मोजायची.
मोज चुकली की ती न वळताच ओरडायची.

टाळूच्या मागे एक खोक लागली,
जुनी, चार टाक्यांची, तिथे केस नाहीत.
मी काही बोलले नाही. तीच म्हणाली,
'मनिऑर्डर होती. कुत्रं लागलं मांगं.
पैसे नाई पडू देल्ले पन.'
बाभळीच्या खुंटाला वळसा घालतं औत,
तसा मी भांग वळवला
आणि पुढे पुन्हा सरळ केला.

फॉइल स्वयंपाकाचीच, दर्यापूरहून आणलेली,
कात्रीने कापलेले तुकडे.
एक पदराखाली सरकवला, ब्रशने लेप लावला,
घडी, पुन्हा घडी.
ती आरशातून बघत होती.
'लिफाफा असा नाई घालत बाप्पा. कड दाब नखानं.'
मग मांडीवर घेऊन बसली सगळे तुकडे,
एकेकाची कड मोडून मला देऊ लागली.
तिच्या घड्या माझ्याहून चांगल्या होत्या.

एकतिसावी घडी घातली आणि लाइट गेली.
पंखा थांबला. माशा आल्या.
पस्तीस मिनिटं बसायचं होतं अजून.
तेवढ्यात दारात गावंड्यांचा पोरगा :
'काकू इथं हायेत म्हने. माह्यं रजिस्टर आलं का?'
मी पडदा ओढणार, तर ती उठली.
पिशवीतून पाकीट काढलं, पेन काढलं,
उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली,
डोक्यावर दुपारच्या उन्हात एकतीस चंदेरी पाकिटं.
'सही कर. इथं नाई, इथं.'
पोराने कागदाकडे न बघता सही केली.

एक घडी मानेजवळची उघडून पाहिली.
काळ्याचा तांबूस, तांबसाचा गंजका,
त्याच्यापुढे आपल्याकडचे केस अडून बसतात.
आणखी दहा मिनिटं ठेवलं.
मग आरओच्या दोन कॅन ओतल्या,
बोअरचं पाणी थेंबभरही नाही.

ओल्या केसांत काहीच कळत नव्हतं.
टॉवेलने पुसताना कळू लागलं :
वरचे काळे उचलले की खाली
सुकायला आलेल्या तुरीचा रंग.
पिवळा नाही. मॅडमनी नापास केलं असतं.
तिने एक बट बोटाला गुंडाळली, सोडली,
पुन्हा गुंडाळली.
'किती झाले?' एवढंच म्हणाली.

सुटे नव्हते, वीस रुपये राहिले माझ्याकडे.
केस वर बांधले तिने, त्यावर स्कार्फ,
हनुवटीखाली घट्ट गाठ, टपालाची पिशवी खांद्याला.
मी दारात उभी होते, हातात ब्रश.
शाळा गेली, दूध डेअरी गेली,
जिनिंगच्या बंद फाटकाच्याही पुढे
जिथे नुसती वावरं लागतात,
तिथे स्कुटी थांबली.
तिथे पत्र टाकायला एकही घर नाही.